एक्केचाळिसावं पान

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५

बार असोसिएशनची डायरी यंदा फेब्रुवारीत हातात पडली. जानेवारीची पानं कोरी राहिली. हरकत नाही. जानेवारीत कोर्टात नुसत्या तारखाच पडल्या.

महत्त्वाची नोंद. काल अकोटहून पार्सल आलं. माझी भाची प्रतीक्षा हिची कादंबरिका छापून आली. नाव ‘कापसाखाली’. भयकथा. ११२ पानं, बारीक टाईप. पहिल्या पानावर एकच शब्द: मामांना. मामा म्हणजे मी. माझ्या धाकट्या बहिणीला, पौर्णिमेला, दुसरा भाऊ नाही.

२३ तारखेला रविवारी अकोल्याच्या एका वाचनालयात पुस्तकावर कार्यक्रम आहे. तिथल्या वाचक मंडळाच्या बेबीताईंचा फोन आला, की प्रमुख भाष्य तुम्हीच करायचं. मी म्हणालो, करीन, पण संमिश्र करीन. भाची आहे म्हणून वाढीव गुण मिळणार नाहीत. तीस वर्षं दिवाणी वकिली केली आहे, भावनेच्या भरात एक वाक्य बोललेलो नाही.

भयकथेचं म्हणाल तर मला भीती वाटत नाही. हे अख्ख्या अमरावती बारला माहीत आहे. मीच सांगितलेलं आहे.

संकल्प: आज एका बैठकीत वाचून काढणे.

सायंकाळी ६.४०
१४ पानं झाली. उजेड कमी झाला म्हणून थांबलो. घरात ट्यूबलाईट आहे, पण ट्यूबलाईटमध्ये बारीक टाईप डोळ्यांना बाधतो. पुढची तारीख उद्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कथा अकोटच्या एका जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली. आठ वर्षांची मुलगी, गोदामात छतापर्यंत कापसाचा ढीग, आणि ढिगाच्या आत कोणीतरी हळूहळू श्वास घेऊन राहिलं आहे. झालं. एवढंच. वाघ नाही, रक्त नाही. कापूस! कापसाला कोण भितं? अख्खं वऱ्हाड कापसावर झोपतं.

नोंद: प्रसंग खऱ्या आयुष्यातला आहे. पौर्णिमेचे यजमान देवीदासराव तेव्हा त्या जिनिंगमध्ये मुनीम होते. २००३ साली मी अकोटला गेलो असताना प्रतीक्षाला गोदामात घेऊन गेलो. भूतबीत काही नसतं हे दाखवायला. पोरगी ढिगावर चढली आणि कमरेपर्यंत रुतली. तेवढ्यात लाईट गेली. ढिगात काहीतरी हललं. मी तिला उचलून बाहेर आणलं. घरात हा विषय कोणी काढत नाही. माझा स्वभाव संकोची आहे हे त्यांना ठाऊक आहे.

३१ पानांपर्यंत पोचलो. चांगलं पुस्तक घाईनं वाचू नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पान ४१ वाचलं. म्हणजे वरच्या आठ ओळी वाचल्या. नंतर पुस्तक मिटलं आणि दिवाणावरची उशी बाल्कनीत ठेवून आलो.

ललिता (आमची ही) म्हणाली, अहो, ती उशी काहून बाहेर टाकली? म्हणालो, मानेला कापसाची उशी चालत नाही असं डॉक्टर म्हणतात. ती म्हणाली, कोणते डॉक्टर? बायकोनं उलटतपासणी घ्यायला लागणं ही संसारातली मोठी अडचण आहे.

साहित्यिक निरीक्षण: लेखिकेची वाक्यं फार छोटी आहेत. छोट्या वाक्यांमुळे वाचकाला मध्ये श्वास घ्यायला सवड मिळत नाही. हा दोष भाष्यात सांगावा.

८ फेब्रुवारी, दुसरा शनिवार, कोर्ट बंद

दिवसभर मोकळा. आज पान ४१ ते ११२ असा आदेश स्वतःलाच दिला. नाश्ता करून व्हरांड्यात खुर्ची टाकली. पुस्तक उघडलं. वर पाहतो तर ललितेनं गादीवाला बोलावलेला. दोन गाद्या फाडून त्यानं माझ्यासमोर हाऽ एवढा कापसाचा ढीग घातला आणि धनुकली लावून पिंजायला बसला. टुंऽग, टुंऽग. मी पाचव्या ओळीवर होतो. ढीग हलला.

मी आत गेलो, कारण आत फोन वाजल्यासारखा वाटला. फोन माझ्या खिशातच होता. एक चप्पल व्हरांड्यात राहिली. गादीवाला ललितेला म्हणे, साहेबाले काय चावलं काय बाई?

दिवस फुकट गेला. जबाबदारी पूर्णपणे ललितेची. गाद्या पिंजायला महाशिवरात्रीनंतरची तारीख घेता आली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

शांतपणे विचार केला. मी वाचक म्हणून चुकीच्या पद्धतीनं चाललो आहे. वकील म्हणून माझी तीस वर्षांची पद्धत काय? दाव्याचं पहिलं पान वाचायचं आणि शेवटची प्रार्थना वाचायची, म्हणजे कोर्टाकडे नेमकं मागणं काय ते. मधली पानं टायपिस्टचं पोट भरावं म्हणून असतात. या पद्धतीनं मी किती दावे जिंकलो ते इथं लिहीत नाही.

सुरुवात वाचून झालीच आहे. उद्या शेवट वाचणार. बार रूममध्ये, दुपारी, चाळीस वकिलांच्या गलक्यात. एकांतात वाचायचं कारण नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.३०, बार रूम

वा! वा!! काय शेवट आहे!

पान ९७ पासून ११२ पर्यंत एका दमात. भीती तिळमात्र नाही. पोरीनं कमाल केली. गोष्ट कापसाच्या गोदामातून एकदम उठून संत्र्याच्या बागेत जाते. काही स्पष्टीकरण नाही, दुवा नाही. पांढऱ्यातून थेट केशरी! मुलीचं नावही येत नाही. एक अनाम आवाज आज्ञा देत जातो. उतरवून घेतो:

‘खोडाभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करावी. मुळे काळी पडून कुजकट वास येत असेल, तर रोग आत शिरला आहे असे समजावे.’

अंगावर काटा आला. साहित्यिक काटा. पुढे:

‘सालीतून डिंक गळू लागतो. धारदार चाकूने तेवढी साल खरवडावी, गोळा करून बागेबाहेर जाळावी व जखमेला बोर्डो मलम लावावे.’

म्हणजे माणसाच्या मनातली जुनी जखम, ती खरवडणं, आणि मग मलम. मोरचूद आणि चुन्याचं प्रमाणसुद्धा दिलं आहे. एवढी बारीक मांडणी मी मराठीत पाहिलेली नाही. आणि शेवटचं वाक्य:

‘फळे तोडताना कात्रीने देठ ठेवून तोडावीत. ओढू नये.’

ओढू नये! दोन शब्द. इथं पुस्तक संपतं. मी चहा मागवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी प्रतीक्षाचा फोन. म्हणे, मामा, शेवट वाचला काय? म्हणालो, वाचला. मग ती म्हणे, छापायच्या आधी तुमाले दाखवायची हिंमत नाई झाली. तो शेवट तुमचाच हाये. राग तर नाई न आला? मी म्हणालो, राग कसला बेटा, अप्रतिम आहे.

ती रडायला लागली. म्हणे, मले वाटलं तुमाले लय वाईट वाटन. तुमाले चालत नसन तर दुसऱ्या आवृत्तीत तो शेवट काढून टाकीन. बाकी कोणी काई म्हणो, तुमी म्हणसान तसं करीन.

मी ठासून सांगितलं, एक अक्षर हलवू नको. विशेषतः तो डिंक. ती म्हणे, काय? तेवढ्यात माझ्याकडे एक पक्षकार आला.

शेवट माझाच आहे म्हणे. खरं आहे. लहानपणी मीच तिला संत्री सोलून द्यायचो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी कोर्टात असताना ललितेनं पुस्तक वाचून काढलं. एका दुपारी! घरी आलो तर ही खिडकीशी बसलेली, चहा नाही काही नाही. म्हणाली, पोरीनं लय जीव लावून लिवलं. मले मधी दोनदा देवघरात जाऊन बसा लागलं. मग म्हणाली, पण अहो, ह्या पुस्तकाच्या शेवटी—

तिथंच थांबवलं. सांगितलं, की निकाल राखून ठेवलेला आहे, निकालाआधी कोणीही माझ्यावर दबाव आणायचा नाही. जेवताना पुन्हा म्हणाली, अहो, पण ती शेवटची पानं— मी हात वर केला. तिसऱ्यांदा तोंड धुताना आली. मी चूळ भरलेली होती, बोलू शकलो नाही, पण मान हलवली.

ती म्हणाली, बरं बाप्पा. आणि अकोटला फोन लावून पौर्णिमेशी काहीतरी कुजबुजत बसली. बायकांचं वाचन भावनेवर चालतं. असो.

१६ फेब्रुवारी, रविवार

अकोटहून कोणाच्या तरी हातून ‘कापसाखाली’ची आणखी एक प्रत आली. ललिता म्हणाली, अहो, ही चांगली प्रत हाये, आता हीच वाचा. मला प्रतीत चांगली-वाईट काय असते कळेना. तेच मुखपृष्ठ, तीच ११२ पानं. बहुधा माझ्यासाठी लेखिकेची खास भेट. न उघडता कोटाच्या बॅगेत ठेवली. कार्यक्रमात तिच्यावर सही घेता येईल. ललितेनं नंतर विचारलं, वाचली काय? म्हणालो, हो. ही माझी तांत्रिकदृष्ट्या दुसरी प्रत असल्यामुळे हे उत्तर खोटं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाष्याचा मसुदा तयार.

मुद्दा एक: भाषा चांगली आहे काय? होकारार्थी.
मुद्दा दोन: भीती वाटते काय? नकारार्थी. लेखिकेचा प्रयत्न दिसतो, पण अनुभवी वाचक बधत नाही.
मुद्दा तीन: मधला भाग, पान ४१ ते ९६, आवश्यक आहे काय? नकारार्थी. तो नसता तरी माझ्या आकलनात काही फरक पडला नसता.
मुद्दा चार: शेवट. पूर्ण होकारार्थी.

माझ्या २००३ च्या प्रसंगाचाही उल्लेख करावा असं वाटलं. लिहिताना नेमका तपशील आठवला. मी तिला उचललं असं म्हणता येणार नाही. लाईट गेल्यावर मी वॉचमनला बोलवायला बाहेर गेलो होतो. परिणाम तोच.

१९ फेब्रुवारी, बुधवार. शिवजयंती, कोर्टाला सुट्टी

आजच्या दिवशी तरी माणसानं भिऊ नये. भिऊ नये म्हणजे, मी भीत नाहीच. आळस करू नये. पान ४१ पुन्हा काढलं. ललिता डायनिंग टेबलावर महाशिवरात्रीच्या वाती वळत होती. समोर कापसाचं बंडल सुटलेलं. म्हणालो, हे स्वयंपाकघरात ने. ती म्हणाली, वाती काय करतेत तुमाले? मी तीन ओळी वाचून फिरायला गेलो. व्यायामाकडे अलीकडे दुर्लक्षच झालं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पौर्णिमेचा फोन. म्हणे, भाऊ, पोरगी लय आशेनं हाये. दोन वर्सं झाले लिवून राहिली. बाकीचे लोक काय म्हणतेत त्याचं तिले काई नाई, तुह्यापाशीच जीव अडकला तिचा. तू येजो. आन ह्या बारीनं शेवटपर्यंत थांबजो.

‘ह्या बारीनं’, म्हणजे ह्या खेपेला, असं ती का म्हणाली ते मला समजलं नाही. मी नेहमीच थांबतो. फोन ठेवल्यावर थोडं अस्वस्थ वाटलं. जेवणात वांगं होतं, त्यानं असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.००

काळा कोट इस्त्री केला. मसुदा चार पानी. एक नामी कल्पना सुचली आहे: भाष्याच्या शेवटी लेखिकेच्या हातात संत्रं ठेवायचं. देठासकट! डझनभर संत्री घेतली, पैकी तीन देठवाली. ललिता म्हणाली, संत्री कशाले? म्हणालो, तिथं कळेल. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, तुमी ती दुसरी प्रत वाचली न? आम्हा दोघांना बस पकडायची होती, या प्रश्नाला वेळ नव्हता.

त्याच दिवशी, दुपारी ३.५५, अमरावती बसमध्ये. गाडी हलते आहे, अक्षर खराब

घटनेची नोंद. क्रमानं लिहितो.

सभागृहात साठ माणसं. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. मी वीस मिनिटं बोललो. मुद्दा दोनला थोडे लोक हसले. मुद्दा चारला मी रंगात आलो. डिंक, जखम, मलम, सगळं सांगितलं. संत्रं वर धरलं आणि म्हणालो, लेखिकेचं सगळं सामर्थ्य शेवटच्या दोन शब्दांत आहे: ओढू नये!

बेबीताई म्हणाल्या, साहेब, कोणतं पान? म्हणालो, ११२. साठ पुस्तकं एकदम उघडली. फडफड ऐकू आली. नंतर कुजबुज. बेबीताई म्हणाल्या, आमच्यात तर असं नाई.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. तिवस्याचे बंडूभाऊ, संत्रा बागायतदार. म्हणे, साहेब, हे तर आमच्या बागेच्या निगेच्या पुस्तकातलं हाये! आमचंबी पुस्तक त्याच छापखान्यात झालं. माह्या प्रतीत शेवटी फवारणीच्या जागी एक पोरगी कापसात फसलेली निघाली. मी तर तिची सुरुवात शोधत इथलोक आलो, अन् तुमी माह्यं बोर्डो मलम इथं आणून ठेवलं!

म्हणजे बांधणीत दोन्ही पुस्तकांचा शेवटचा सोळा पानांचा गठ्ठा अदलाबदल झालेला. माझ्या प्रतीत. आणि बंडूभाऊंच्या.

सभागृह हसून हसून आडवं झालं. ललितेनं कपाळाला हात लावला. पण प्रतीक्षा हसली नाही. माझ्या शेजारीच बसली होती. माईक न घेता, अगदी हळू म्हणाली, मामा, म्हंजे तुमी शेवट वाचलाच नाई? मंग मले फोनवर काहून म्हटलं?

मला कोर्टाचं एक अर्जंट काम आठवलं.

आज रविवार आहे हे बस स्टँडवर आल्यावर लक्षात आलं. पण अमरावतीची गाडी लागलेलीच होती.

सायंकाळी ४.२०
बोरगाव मंजू गेलं. पाण्याची बाटली शोधायला बॅगेत हात घातला तर ती दुसरी प्रत. न उघडलेली. बस भरलेली आहे, बाहेर कडक ऊन आहे, शेजारच्या बाईच्या मांडीवर मेथीच्या जुड्या आहेत. अशा ठिकाणी माणूस काहीही वाचू शकतो. पान ९७ उघडतो.

सायंकाळी ४.५५
वाचलं.

मुलगी गळ्यापर्यंत कापसात. अंधार. ढिगात श्वास चालू. तिचा मामा तिला सोडून पळतो. पळत पळत अकोटच्या बस स्टँडवर येतो आणि समोर दिसेल त्या गाडीत चढतो. अंजनगाव येईपर्यंत त्याची मूठ उघडत नाही. अंजनगावला उघडतो तर आत कापूस. मग तो उतरतो. परतीची गाडी पकडतो. एका पायात चप्पल नाही, तसाच गोदामात शिरतो, खांद्यापर्यंत हात ढिगात घालतो. आतून कोणीतरी त्याचा हात धरतं. पोरगी आहे की ते दुसरं, त्याला कळत नाही.

‘तरी त्यानं ओढलं.’

आणि मग शेवटची ओळ: ‘मामा आला होता.’

शेजारची बाई म्हणे, भाऊ, डोळ्यात कचरा गेला काय? म्हणालो, हो.

आता लिहूनच टाकतो, ही डायरी दुसरं कोण वाचणार आहे? २००३ साली मी वॉचमनला बोलवायला गेलो नव्हतो. मी पळालो. बस स्टँडपर्यंत. अंजनगावला गाडी थांबली तेव्हा मला पोरीची आठवण आली. खाली उतरलो, चहा प्यालो आणि त्याच गाडीत परत चढून अमरावतीला आलो. पोरीला जिनिंगमधल्या मैनाबाईनं ओढून काढलं. अकोटला सगळ्यांना सांगितलं गेलं, की भाऊला कोर्टाचं अर्जंट काम आलं. सगळ्यांना माहीत आहे. पौर्णिमेला, देवीदासरावांना, ललितेला. पोरीला तर आहेच. बावीस वर्षांत एकानं तोंडावर म्हटलं नाही. आणि त्या पोरीनं दोन वर्षं बसून मला अंजनगावहून परत आणलं. मला. आणि मी तिथं संत्रं दाखवून आलो.

लय लाज वाटून राहिली.

सायंकाळी ५.०५, मूर्तिजापूर
उतरलो. कंडक्टर म्हणे, काका, तिकीट तर अमरावतीचं हाये. म्हटलं, असू दे. अकोल्याची गाडी दहा मिनिटांत आहे.

५.०८
आत्ता ध्यानात आलं. ललिता पण अकोल्यातच राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.००. आज कोर्टात गेलो नाही, तारखा मागून घेतल्या

कालची उरलेली हकिगत. वाचनालयाला कुलूप लागलं होतं. पायरीवर ललिता, पौर्णिमा आणि प्रतीक्षा, तिघी भुईमुगाच्या शेंगा खात बसलेल्या. बंडूभाऊही होते. प्रतीक्षाची धड प्रत मिळवून खांबाला टेकून अगदी सुरुवातीपासून वाचत होते, मान वर केली नाही.

ललितेनं माझ्याकडे बघून विचारलं, कुठलोक गेलते? म्हणालो, मूर्तिजापूर. ती पौर्णिमेला म्हणाली, घ्या, मी बडनेरा म्हटलं होतं. पौर्णिमा म्हणे, मी तर म्हटलं होतं, भाऊचा आता उद्याच फोन येते. मग दोघी प्रतीक्षाकडे पाहू लागल्या. ललिता म्हणाली, ही एकटी म्हणे, मामा येतेत, थांबा. म्हणून बसलो.

मी बॅग खाली ठेवली. म्हणालो, बेटा, मी पळालो होतो. तेव्हाबी अन् आजबी. तिनं शेंगांची टरफलं झटकली. म्हणे, मामा, माहीत हाये मले. म्हणूनच तर लिवलं. मग विचारलं, दुसऱ्या आवृत्तीत शेवट ठेवू का काढू?

म्हणालो, ठेव.

ती म्हणे, अन् मधले पानं कसे वाटले? तिघी माझ्या तोंडाकडे बघून राहिलेल्या. मी म्हणालो, पान ४१ च्या आठ ओळी वाचल्या. पुढं हिंमत नाही झाली. अशी हसली पोरगी, की बंडूभाऊंनीसुद्धा पुस्तकातून मान वर काढली. म्हणे, मामा, एवढा चांगला अभिप्राय आजच्या कार्यक्रमात कोणीच नाई देला.

आज सकाळी साडेदहाला ललितेला शेजारी बसवलं. दारं-खिडक्या उघड्या. तिच्या मांडीवर वातीचा कापूस होता, त्याला हरकत घेतली नाही. पान ४१. आठ ओळी पार केल्या. नवव्या ओळीत ढिगातून मांजर बाहेर आली. मांजर! नुसती मांजर! अठरा दिवस मी एका मांजरीसाठी उशा बाहेर टाकत होतो. मोठ्यानं हसलो. पान उलटलं.

पान ४२, पहिली ओळ: मांजर दाराशी बसून अंग चाटत होती, आणि ढीग अजून हलत होता.

ललिता म्हणाली, आता कुठं चालले? म्हणालो, कुठं नाही. खरंच कुठं नाही. फाटकापर्यंत गेलो होतो, परत येऊन बसलो.